सिग्नेचर साउंड (हिपहॉप बीटमेकिंग)

सिग्नेचर साउंड म्हणजे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणाऱ्या प्रोड्युसरची अशी छाप की माईकवर रॅपर कोणीही असो, पहिल्या चार-पाच सेकंदात ऐकणारा बोलतो, अरे हा तर अमक्याचा बीट. बरेच जण याची गल्लत प्रोड्युसर टॅगशी करतात, म्हणजे बीटच्या सुरुवातीला नावाची जी हाक येते ना ती, अमेरिकेतल्या मेट्रो बूमिनची किंवा दिल्लीच्या सेझ ऑन द बीटची असते तशी. पण टॅग ही दारावरची पाटी, ती काढली तरी घर ओळखू आलं पाहिजे.

ओळख पटते ती बहुतेक वेळा ड्रम्सवरून. डेट्रॉइटचा जे डिला (मृत्यू २००६) एमपीसी या पॅडवाल्या सॅम्पलर मशीनवर ठोके हाताने वाजवायचा आणि क्वांटाइझ करून, म्हणजे मशीनकडून अचूक वेळेवर ओढून, सरळ रेषेत बसवायचा नाही, त्यामुळे स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) किंचित मागेपुढे पडतो आणि त्यातच सगळी मजा आहे. डीजे प्रीमियर जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून बीट बांधतो, हुकच्या (गाण्यात परत परत येणाऱ्या ओळीच्या) जागी स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासल्याचा आवाज, टाकतो. आणि ज्याच्याशिवाय आज पान हलत नाही तो ८०८ बेस, म्हणजे खोल घुमणारा खालचा आवाज, आला रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधून, १९८० ला बाजारात आलं, चाललं नाही, १९८३ ला बंद, मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं आणि हिपहॉपवाल्यांनी उचललं.

ठाणे-नवी मुंबईत याच रोलँडचं दुसरं पिल्लू जास्त ओळखीचं, ऑक्टापॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड, १९८५). घणसोली, कोपरखैरणे, दिवा, कळवा, कुठल्याही हळदीला जा, बेंजो पार्टीत तो असतोच. इथल्या पोरांकडे स्वतःचा साउंड आयता पडलाय असं म्हणायला हरकत नाही, फक्त तो नुसता सॅम्पल (रेकॉर्डिंगचा उचललेला तुकडा) चिकटवून येत नाही. आगरी-कोळी गाण्यांचा ठेका बऱ्याचदा सहा मात्रांचा, आणि एफएल स्टुडिओ हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर १६ खान्यांचा सिक्वेन्सर (ठोके मांडायची पट्टी), चार-चारच्या हिशोबाचा. त्यात हळदीचा ठेका कोंबला की तो लंगडतो. ग्रिड, म्हणजे खान्यांची पट्टी, १२ ची केली, ढोलाचा घुमारा थोडा कापून खाली ८०८ ला जागा दिली, बेंजोच्या सुराशी ८०८ ट्यून केला की मग बघा. बेंजोची मेलडी सगळेच उचलतात, ट्यूनिंग मात्र फार कमी जण करतात, आणि मग स्पीकरवर नुसती गुरगुर ऐकू येते.

टिकण्याचं गणित वेगळं. आधी ट्रॅप, मग ड्रिल, रॅपच्या शैलींचा ट्रेंड बदलतो तसे टाइप बीटवाले (चालू कलाकाराच्या धाटणीचे बीट विकणारे) प्रिसेट, म्हणजे तयार आवाज, बदलतात, एक बीट दहा जणांना लीजवर (वापरायच्या परवान्यावर) देतात, पैसे येतात पण नाव होत नाही. जो टिकतो तो टेम्पो बदलेल, वाद्यं बदलेल, पण ठोका कुठे पडतो ती सवय सोडत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येणार नाही अशी सोय झाली. चाल स्वतः बांधणारा बीटमेकर संगीतकारच, त्याला १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्य होता येतं. पण मित्रामित्रात कोण कागद करतो, बीट व्हॉट्सअपवर जातो, गाणं चालतं, आणि मग क्रेडिटवरून भांडणं. म्हणून जरा मुरलेले लोक आधी टॅगवाली एमपीथ्रीच पाठवतात, टक्केवारी लिहून घेतात आणि मगच स्टेम्स (प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक) सोडतात.