व्हीएमएस क्लस्टर

अनेक सर्व्हर जोडून ते एकाच यंत्रासारखे चालवण्याची, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डेक) या अमेरिकी कंपनीने आपल्या व्हीएमएस (पुढे ओपनव्हीएमएस) या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी विकसित केलेली रचना. १९८३ मध्ये ती 'व्हॅक्सक्लस्टर' या नावाने जाहीर झाली. तेव्हा सगळी यंत्रे जवळजवळ, एका मधल्या पेटीला केबलने जोडलेली असत. पुढे इथरनेट व फायबर आले आणि यंत्रांचा समूह (क्लस्टर) दोन इमारतींत, मग दोन शहरांत पसरला. अंतराची मर्यादा सुमारे ८०० किलोमीटरपर्यंत गेली.

फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात; ८०० किलोमीटर जाऊन येण्यातच ८ मिलिसेकंद जातात. एकच माहिती दोन्हीकडच्या डिस्कवर ठेवण्याच्या पद्धतीत, म्हणजे शॅडोइंगमध्ये, नोंद दोन्हीकडच्या डिस्कवर उतरल्याशिवाय लेखन पूर्ण धरत नाहीत, म्हणून हा उशीर प्रत्येक लेखनाला सोसावा लागतो.

पण खरा कस लागतो तो केबल तुटल्यावर. दोन्हीकडची यंत्रे चालू असतात, फक्त एकमेकांना दिसत नाहीत. दोघांनीही लिहीत राहायचे ठरवले, तर एकाच खात्याच्या दोन वेगळ्या शिलका तयार होतील. यावरचा उपाय सोसायटीच्या सभेला गेलेल्या कुणालाही कळेल: कोरम, म्हणजे काम चालवायला लागणारी किमान मते. यंत्रांना मते दिलेली असतात. एकूण मते ३ असली तर कोरम २. ज्या बाजूचा कोरम भरत नाही, ती काम थांबवून वाट पाहते. दोन्ही केंद्रांना सारखी मते दिली, तर केबल तुटताच दोन्ही थांबतात. म्हणून एका मताचे छोटे यंत्र तिसऱ्या ठिकाणी ठेवतात. खर्च वाचवायला ते पहिल्याच केंद्रात ठेवणे ही मोठी चूक. ते केंद्र गेले की ते मतही जाते आणि दुसरे केंद्र धडधाकट असून अडकून पडते.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळच्या कॉमर्झबँकेच्या संगणक केंद्रात उष्णता प्रचंड वाढली आणि बाकीच्या यंत्रणा बंद पडल्या. तिथला अल्फासर्व्हर हा व्हीएमएस क्लस्टरमधला सर्व्हर मात्र सुमारे ३० मैलांवरच्या राय गावातल्या डिस्कवर चालत राहिला.

याच्या उलट गरज म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम. एचपीच्या इंटिग्रिटी सुपरडोम या मोठ्या सर्व्हरचे हार्डवेअर पातळीवर भाग पाडून एचपी-यूएक्स, लिनक्स, विंडोज आणि ओपनव्हीएमएस शेजारी-शेजारी चालवता येत.

२०२२ मध्ये आलेली ओपनव्हीएमएसची ९.२ आवृत्ती व्हीएमवेअर, केव्हीएमसारख्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या आभासी यंत्रांवर चालते. इथे एक पथ्य पाळावेच लागते: समूहातले सगळे सदस्य एकाच होस्टवर, म्हणजे एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर, ठेवायचे नाहीत.