जादुई वस्तूंचा बोनस गमावणे आणि मंत्रप्रयोग

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत पात्राजवळची जादुई वस्तू चोरीला गेली, मोडली किंवा तिच्यातील जादू काही काळ दबली, की तिच्यामुळे मिळणारा बोनस पात्राच्या आकड्यांतून वजा होतो. योद्ध्याच्या बाबतीत ही वजाबाकी सोपी असते : जादुई तलवार गेली, तर वार कमी लागतो आणि कमी इजा करतो. मंत्र वापरणाऱ्या पात्राचे तसे नसते, कारण त्याची बुद्धी, विवेक किंवा प्रभाव यांपैकी एका गुणाच्या आकड्यावर अनेक वेगवेगळे हिशेब उभे असतात आणि तो आकडा घसरला की ते सगळेच एकदम हलतात. या प्रश्नाचे सर्वांत तपशीलवार रूप २००० साली आलेली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती, तिची २००३ मधील ३.५ ही सुधारणा आणि त्याच नियमांवर उभारलेला ‘पाथफाइंडर’ (२००९) यांत दिसते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७० च्या दशकातील प्रगत नियमांत उच्च गुणामुळे जादा मंत्र मिळण्याची सोय मुख्यतः क्लेरिक या पुरोहितवर्गाला होती. विझार्डला, म्हणजे अभ्यासाने मंत्र शिकणाऱ्या मांत्रिकाला, ती नव्हती. तिसऱ्या आवृत्तीने ती सर्व मांत्रिक वर्गांना दिली आणि बुद्धी वाढवणारा शिरपट्टा, विवेक वाढवणारे पदक व प्रभाव वाढवणारा झगा या वस्तू +२, +४ आणि +६ अशा तीन प्रतींत बाजारभावासह उपलब्ध केल्या. +२ चा शिरपट्टा ४,००० सुवर्णमुद्रांना, +४ चा १६,००० ना आणि +६ चा ३६,००० ना मिळतो. वरच्या पातळीचा विझार्ड अशा पट्ट्याशिवाय क्वचितच आढळतो, आणि म्हणूनच तो हरवणे ही या नियमांतली गंभीर घटना ठरते.

उदाहरणादाखल ३.५ च्या नियमांतील नवव्या पातळीचा विझार्ड घेऊ. (पात्राच्या ‘पातळी’शी गोंधळ होऊ नये म्हणून मंत्राच्या पायरीला येथे ‘श्रेणी’ म्हटले आहे.) त्याची मूळ बुद्धी १६ आहे आणि +४ च्या पट्ट्याने ती २० होते, म्हणजेच मॉडिफायर (गुणावरून निघणारा आणि हिशेबांत मिळवला जाणारा आकडा) +३ वरून +५ वर जातो. पट्टा असताना पहिल्या ते पाचव्या श्रेणीपर्यंत त्याला अनुक्रमे ६, ५, ४, ३ आणि २ स्लॉट, म्हणजे दिवसभरात मंत्र टाकण्याच्या जागा, मिळतात. पट्टा नसताना ५, ५, ४, २ आणि १. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीला धक्काही लागत नाही, पण सर्वांत मौल्यवान अशा पाचव्या श्रेणीत निम्मे बळ जाते. मंत्र चुकवण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा, म्हणजे डीसी, १० अधिक मंत्राची श्रेणी अधिक मॉडिफायर असा काढतात; तो पाचव्या श्रेणीसाठी २० वरून १८ वर येतो. ज्या शत्रूला बचावासाठी वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात +१० मिळवता येतात, तो फाशाच्या विसांपैकी नऊ आकड्यांऐवजी आता सातच आकड्यांवर मंत्राला बळी पडतो.

स्लॉट आणि डीसी यांनंतरचा तिसरा हिशेब सर्वांत कठोर आहे. मंत्र टाकण्यासाठी संबंधित गुण किमान १० अधिक मंत्राची श्रेणी इतका असावा लागतो. वरील विझार्डला नवव्या पातळीवर याची झळ बसत नाही. पण तोच मूळ १६ बुद्धी घेऊन तेराव्या पातळीवर पोचला आणि तेथे पट्टा गेला, तर सातव्या श्रेणीचा मंत्र त्याच्या आवाक्याबाहेर जातो, कारण त्याला १७ बुद्धी लागते. वर्गामुळे मिळालेला स्लॉट मात्र राहतो आणि त्यात खालच्या श्रेणीचा मंत्र भरता येतो. ही तरतूद अनेक खेळाडूंच्या नजरेतून सुटते आणि ते आपला स्लॉटही गेला असे समजून चालतात.

दिवसाच्या मध्येच पट्टा गेला, तर सकाळी तयार केलेल्या मंत्रांपैकी कोणता पुसायचा, हा टेबलावरील नेहमीचा वाद आहे. सॉर्सररसारख्या आयत्या वेळी मंत्र निवडणाऱ्या वर्गात उरलेल्या स्लॉटांतून एक वजा केला की काम भागते. विझार्डच्या प्रत्येक स्लॉटात मात्र ठरावीक मंत्र बसलेला असतो. काही गेममास्टर (खेळ चालवणारे) निवड खेळाडूवर सोडतात, काही फासा टाकतात, तर काही त्या दिवसाची तयारी तशीच ठेवून पुढच्या तयारीपासून कपात करतात. तात्पुरत्या दडपणाला शेवटचा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो, कारण ‘डिस्पेल मॅजिक’ने वस्तूची जादू केवळ एक ते चार फेऱ्यांपुरती दबते, आणि एवढ्यासाठी पाचव्या श्रेणीचा मंत्र कायमचा पुसणे हे कारणाच्या मानाने फार होते. ‘डिसजंक्शन’ हा नवव्या श्रेणीचा मंत्र मात्र वस्तूतील जादूच नष्ट करतो. तेथे सवलतीचा प्रश्न उरत नाही. टाकून झालेला मंत्र केवळ पट्टा गेल्यामुळे संपत नाही.

पाथफाइंडरने यात काळाची अट आणली. पट्ट्याचा बोनस पहिले २४ तास तात्पुरता मानला जातो आणि त्यानंतरच कायमचा धरून जादा स्लॉट देतो. त्यामुळे चोराकडून पट्टा तासाभरात परत मिळाला, तरी प्रचलित अर्थानुसार मोजणी पुन्हा सुरू होते : डीसी लगेच वर येतो, जादा मंत्र दुसऱ्या दिवशीच. बुद्धीला काही मिनिटे +४ देणारा ‘फॉक्सेस कनिंग’ हा मंत्रही असाच डीसी सावरतो, पण जादा स्लॉट देत नाही. +४ किंवा त्याहून मोठा पट्टा डोक्यावर असताना तो निरुपयोगी असतो, कारण दोन्ही बोनस एकाच प्रकारचे असल्याने त्यांची बेरीज होत नाही.

मंत्रांशी उघड संबंध नसलेल्या वस्तूंचाही फटका बसतो. ३.५ मध्ये एकाग्रता शारीरिक सहनशक्तीवर अवलंबून असते, म्हणून सहनशक्तीला +४ देणारा ताईत गेल्यावर बाराव्या पातळीच्या विझार्डचे २४ प्राणांक तर जातातच, शिवाय मारामारीच्या गर्दीत मंत्र टिकवण्याची त्याची शक्यताही घटते. क्लेरिकचे पदक गेले, तर मनोबलाचा त्याचा स्वतःचा बचावही विवेकावरच आधारलेला असल्यामुळे तो शत्रूच्या मोहिनीला सहज बळी पडू शकतो. एका ठरावीक श्रेणीचे मंत्र दुप्पट करणारी ‘विझार्ड्री’ची अंगठी हरवणे त्या श्रेणीपुरते पट्टा हरवण्याहूनही जड जाते.

पुढील नियमांनी हे परावलंबन कमी करण्याचे वेगवेगळे मार्ग शोधले. पाथफाइंडरच्या २०१५ मधील ऐच्छिक नियमांनी असे बोनस वस्तूंतून काढून पात्राच्या पातळीशी जोडले, त्यामुळे ते चोरीला जाण्याचा प्रश्नच मिटला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत शिरपट्टा बुद्धीत भर न घालता ती थेट १९ करतो. ज्याची बुद्धी आधीच २० आहे, त्याला तो मिळूनही काही मिळत नाही आणि गेल्याने काही जात नाही. या आवृत्तीत स्लॉटांची संख्या गुणावर अवलंबून नाही, मात्र विझार्ड किती मंत्र तयार ठेवू शकतो हे बुद्धीच्या मॉडिफायरवर ठरत होते. २०२४ च्या सुधारणेने ती संख्याही वर्गाच्या तक्त्यात बसवली, आणि तेव्हापासून गुण घटल्याचा मंत्रप्रयोगावरील परिणाम मुख्यतः डीसी व मंत्राच्या हल्ल्याचा बोनस एवढ्यावर येऊन थांबतो.