नवसागराचा गार पेला आणि तापलेलं पातेलं

भांड्यांना कल्हई होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या नाकात नवसागराचा (म्हणजे अमोनियम क्लोराइडचा) तो झोंबणारा वास अजून असेल. लालबुंद निखाऱ्यांवर पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसून घ्यायचं. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि पातेलं चांदीसारखं चमकतं. आता तोच नवसागर चार चमचे घेऊन अर्धा पेला पाण्यात ढवळून पाहा (पिऊ मात्र नका). पेला हाताला चक्क गार लागतो.

एक काम निखाऱ्यावरचं, दुसरं गारव्याचं. विशेषण मात्र दोन्हींना एकच: उष्माग्राही.

‘गार पडते ती अभिक्रिया उष्माग्राही’ असं पाठ करणारे इथेच फसतात. ऊष्मा म्हणजे उष्णता आणि ग्राही म्हणजे घेणारी. वस्तू गार आहे की गरम, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. उष्णता कोणत्या दिशेने गेली, एवढंच तो सांगतो. नवसागराच्या खड्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवायला ऊर्जा लागते. पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात तेव्हा त्यातली बरीच परत मिळते, पण सगळी नाही. 53.5 ग्रॅम नवसागरामागे सुमारे 15 किलोज्यूलची तूट उरते आणि ती पाण्याच्याच खिशातून जाते. (विरघळणं ही अभिक्रिया की नुसता भौतिक बदल, यावर शिक्षक वाद घालतील. घालू द्या, उष्णतेचा हिशेब तोच राहतो.)

पातेल्यात मात्र नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. तेवढ्याच नवसागराला इथे 176 किलोज्यूल लागतात. ते निखारे पुरवतात, म्हणून गारवा कुणाला जाणवत नाही. हे वायू वर जाऊन निवले की पुन्हा एकत्र येतात आणि घेतलेली उष्णता परत करतात. तो पांढरा धूर म्हणजे पुन्हा तयार झालेल्या नवसागराचे बारीक कण.

इंग्रजीतला ‘एंडोथर्मिक’ शब्द ग्रीक ‘एंडो’, म्हणजे आत, आणि ‘थर्मे’, म्हणजे उष्णता, यांवरून आला. जीवशास्त्रज्ञ हाच शब्द पक्षी आणि सस्तन प्राण्यांना लावतात, कारण ते शरीराच्या आत उष्णता तयार करतात! आपण त्यांना उष्णरक्ती म्हणतो आणि घोटाळा टळतो. इथे मराठी सरस आहे.

रसायनशास्त्रात हा शब्द रुजवणारे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्तलो स्वतःच एका बाबतीत चुकले. आपोआप घडणारी अभिक्रिया उष्णता बाहेरच टाकणार, असं त्यांचं मत होतं. पण अकबराच्या पदरी सोळाव्या शतकातच सोरा (पोटॅशियम नायट्रेट) पाण्यात घालून त्यात सुरई फिरवत पिण्याचं पाणी गार करत. ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचं प्रमाणही दिलं आहे. तो सोरा उष्णता शोषत आपोआपच विरघळत होता. खड्यात रांगेने बसलेले कण पाण्यात मोकळे विखुरतात, आणि विखुरण्याकडचा हा ओढाही निसर्गात मोजला जातो. विखुरलेपणाच्या त्या मापालाच एन्ट्रॉपी म्हणतात.

घेतलेली उष्णता जाते कुठे, हे चुन्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की 178 किलोज्यूल गिळते आणि 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. कोकणात शिंपले भाजूनही असा चुना काढत. त्यावर पाणी ओता: तो फसफसतो, वाफा येतात, हात पोळेल इतका तापतो. 65 किलोज्यूल तिथेच परत आले. उरलेले 113? विरलेला चुना भिंतीवर चढतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडीसारखा होत जातो आणि तेवढी उष्णता सोडतो. पण त्याला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे भिंतीला हात लावून ती ऊब कळत नाही.