रिफ्यूज एरियातला लाल डबा कशासाठी?

(आमच्याकडे एएमसी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणेचा वार्षिक देखभाल करार, असलेल्या सोसायट्यांच्या सभासदांसाठी)

आगीचा हूटर वाजला की माणसं गॅलरीत येऊन खाली बघतात. आग खरी आहे का, कितव्या मजल्यावर, कुठल्या जिन्याने उतरायचं, यातलं काहीच हूटर सांगत नाही. ते काम स्पीकर आणि टॉकबॅकचं.

स्पीकरवरून खालचा माणूस बोलतो आणि तुम्ही ऐकता. टॉकबॅकवर दोघंही बोलू शकतात. लाल डब्यातला हँडसेट उचलला की खाली पॅनलवर त्या मजल्याचा दिवा लागतो आणि वॉचमन उत्तर देतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी अठरा मजले उतरू शकत नाहीत. त्या रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेल्या जागेत, थांबल्या आहेत हे खाली कळायचं साधन म्हणजे हा डबा. अग्निशमन दलाचे जवानही त्यावरूनच खाली बोलू शकतात. 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे 24 मीटरपेक्षा उंच इमारतीला सर्वसाधारणपणे रिफ्यूज एरिया लागतो आणि तिथे स्पीकर व टॉकबॅक दोन्ही हवेत.

“इंटरकॉम आहे की, मग हे कशाला?” मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. इंटरकॉम घरात असतो आणि त्याची वायर साधी असते. आग लागल्यावर इमारतीची वीज बंद करतात. टॉकबॅकला स्वतःच्या बॅटऱ्या आणि आगीत तग धरणारी केबल असते, निदान असायला हवी. मोबाइलला जिन्यात रेंज मिळेलच असं नाही. शिवाय रात्रपाळीच्या वॉचमनचा नंबर किती जणांकडे असतो?

बिघाड बहुधा साधेच असतात. रंगकामाच्या वेळी स्पीकरला गुंडाळलेलं प्लॅस्टिक तसंच राहतं. फॉल्स सीलिंगवाला वायर कापून जातो. मग पॅनलवर पिवळा दिवा लागतो, बझर किरकिरतो, वॉचमन तो बंद करतो आणि रजिस्टरमध्ये नोंद होत नाही. पॅनलमधल्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तीन-चार वर्षांत दम तोडतात. त्या एएमसीत येत नाहीत, बिल वेगळं होतं. आधीच सांगितलेलं बरं.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही यंत्रणा चालू ठेवणं सोसायटीची जबाबदारी आहे. जानेवारी आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं एजन्सीचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. सही-शिक्क्याआधी प्रत्येक हँडसेटवरून बोलून दाखवायला सांगा, आम्हालाही. कमिटीतलं कुणीतरी वर रिफ्यूज एरियात उभं राहिलं की पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं.

आणि वॉचमनला बोलायला शिकवा. माइकवर नुसतं “घाबरू नका, घाबरू नका” म्हणून उपयोग नाही. हा मजकूर मराठी आणि हिंदीत पॅनलशेजारी चिकटवा:

“सातव्या मजल्यावर आग आहे. सात आणि त्यावरचे मजले, बी जिन्याने खाली या. लिफ्ट वापरू नका. जिन्यात धूर असेल किंवा उतरता येत नसेल तर रिफ्यूज एरियात जा आणि लाल डब्यातला फोन उचला.”

मजला आणि जिना त्या वेळी बदलायचा. रात्रपाळीच्या वॉचमनकडून हा मजकूर दोनदा मोठ्याने वाचून घ्या. एजन्सी बदलली, नवा माणूस आला, की पुन्हा.