पोकळ काचेचा एपॉक्सी फोम : टक्का वजनाचा की मापाचा?

जानेवारी १९६० मध्ये दोन माणसं मारियाना गर्तेच्या तळाशी जाऊन आली. त्यांच्या पाणबुडीला वर उचललं ते टाक्यांत भरलेल्या हजारो लिटर पेट्रोलनं, कारण पेट्रोल पाण्याहून हलकं. त्याच दशकात सूक्ष्म पोकळ काचगोळ्या (बलून) एपॉक्सी या रेझिनमध्ये कालवून घट्ट केलेला फोम आला आणि खोल समुद्रात तरंगवण्याचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. २०१२ साली त्याच गर्तेत झालेल्या एकट्याच्या बुडीत तर पाणबुडीचा कणाच या फोमचा होता.

कुपवाड-मिरजेच्या, ओतकामासाठी नमुने बनवणाऱ्या पॅटर्नवाल्यांना समुद्राशी देणंघेणं नाही. त्यांना हलका, पाणी न पिणारा, कटरखाली सहज उतरणारा ठोकळा हवा असतो. पण कालवण तेच, आणि त्याबरोबर येणारा घोळही तोच: ‘वीस टक्के बलून’ म्हणजे नेमके किती?

सांगलीत हे समजावायला भडंग पुरेसा आहे. चुरमुरे पूर्वी मापानं मिळायचे, गूळ वजनानं. किलोभर चुरमुऱ्यांना पोतं लागतं, किलोभर गुळाची ढेप एका हातात मावते. बलूनचं तसंच आहे. ग्रेडप्रमाणे त्यांची घनता साधारण ०.१२५ ते ०.६० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, तर हार्डनरसह (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) रेझिनची १.१५ च्या आसपास. ०.२० घनतेचे १० ग्रॅम बलून १०० ग्रॅम रेझिनमध्ये घातले की ते मिश्रणाची ३६ टक्के जागा व्यापतात. २० ग्रॅम घातले तर ५३ टक्के. वजनानं मात्र हे २० ग्रॅम जेमतेम १७ टक्के भरतात.

वाहण्याचा संबंध जागेशी आहे. पातळ मिश्रणासाठीचं १९०६ चं समीकरण आणि दाट मिश्रणासाठीचं १९५९ चं, दोन्ही आकारमानाचा टक्का मागतात. दुसऱ्यानं मोजलं तर १० ग्रॅमला दाटपणा चौपट होतो आणि २० ग्रॅमला सुमारे अठरापट. म्हणूनच दुसरे दहा ग्रॅम घातल्यावर मिश्रण एकदम अडतं, ओतायला गेलं तर लोण्यासारखं थापावं लागतं. ‘दहा चाललं, तर वीसही चालेल’ हा अंदाज वजनाच्या आकड्यानं शिकवलेला आहे, आणि माझ्या मते या विषयातल्या निम्म्या चुका तिथून सुरू होतात.

घट्ट होण्याकडे आलं की पारडं फिरतं. घट्ट होताना रेझिन उष्णता सोडतं, आणि प्रयोगशाळेत ती ग्रॅममागे मोजतात. वरचंच २० ग्रॅमचं मिश्रण घेतलं तर काचेमुळे ती सहाव्या हिश्शानं कमी दिसेल, म्हणून ती आधी नुसत्या रेझिनच्या वजनावर आणावी लागते. इथे आकारमानाचा टक्का वापरला, तर क्युअरिंगबद्दल, म्हणजे घट्ट होण्याबद्दल, भलताच निष्कर्ष निघतो. लिटरमागे बघितलं तर उष्णता निम्म्याहून खाली जाते, आणि इथेच माणूस फसतो. उष्णता निम्मी, म्हणजे जाड ठोकळा बिनधास्त ओतावा, असं वाटतं. पण लिटरमागे तापवायचा ऐवजही जवळपास तेवढाच घटलेला असतो, त्यामुळे गाभ्याचं तापमान थोडंच कमी चढतं. शिवाय पोकळ काच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. चार इंची ठोकळा मी स्वतः असाच ओतला होता. बाहेरून गार लागत होता, दुसऱ्या दिवशी कापला तर मधोमध तपकिरी आणि तडकलेला. तेव्हापासून जाड काम मी थरांनी ओततो.

वाहणं आणि घट्ट होणं या दोन्ही वागणुकी एकमेकींत गुंतलेल्याही आहेत. तापल्यावर रेझिन आधी पातळ होतं, मगच जेल होतं, म्हणजे गोठायला लागतं. कमी भरण असेल तर मधल्या वेळात हलके बलून वर चढतात आणि ठोकळ्याचा माथा भुसभुशीत, तळ जड निघतो. गुळव्याला काहील उतरवायची वेळ जशी साधावी लागते, तशी इथे जेलची वेळ साधावी लागते. दाट मिश्रणात बलून हलत नाहीत, पण हवा अडकते. व्हॅक्यूमशिवाय ती निघत नाही, आणि जोरात घोटलं तर काच फुटून घनता वाढते.

अलीकडे काही शॉपमध्ये डब्यावर दोन आकडे लिहायला लागलेत: वजनाचे भाग आणि शेजारी बलूनची घनता. रेझिनची घनता माहीत असली की तेवढ्यावरून दोन्ही टक्के काढता येतात. नुसता ‘२०%’ लिहिलेला जुना डबा हाती आला, तर आधी त्यातल्या बलूनचा ग्रेड शोधावा लागतो.