रेडिओ मोडेम: खांबावर चढवण्याआधी टेबलावर चालवा

जॅकवेल (नदी-धरणातून पाणी उचलायची विहीर) आणि जलशुद्धीकरण केंद्र इथले संगणक रेडिओ मोडेमने, म्हणजे तारेऐवजी रेडिओलहरींवर माहिती पाठवणाऱ्या पेटीने, जोडले की ‘रेंज मिळत नाही’ ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा रेंज पुरेशी असते, सेटिंग चुकलेलं असतं. म्हणून दोन्ही मोडेम आधी एकाच टेबलावर बोलते करा.

पॉवर सर्वात कमी ठेवा, नाहीतर इतक्या जवळून समोरचा रिसीव्हर बधिर होतो. अँटेना लावल्याशिवाय मोडेम चालू करू नका. आउटपुट जळू शकतं. चॅनेल, नेटवर्क क्रमांक आणि हवेतला वेग दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा, पत्ता मात्र वेगळा. सिरियल पोर्टचा वेग (बॉड रेट) ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, असं संगणकात असेल तर मोडेममध्येही तेच. आता पलीकडच्या मोडेमची आरएस-२३२ (सिरियल) केबल काढा आणि त्याच्या पोर्टच्या २ व ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा. इकडे टाइप केलेलं अक्षर जसंच्या तसं परत उमटलं, तर इकडची केबल, दोन्ही मोडेम आणि मधला दुवा ठीक. वेडीवाकडी अक्षरं आली तर बॉड रेट पाहा. काहीच आलं नाही तर आधी केबल पाहा: संगणक ते मोडेम सरळ केबल लागते, क्रॉस (२ व ३ नंबरच्या तारा उलटसुलट जोडलेली) नाही.

तारेसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर १०० मिलिसेकंदांत उत्तर मागतं. रेडिओला ते जमत नाही. टाइमआउट (उत्तराची वाट पाहायचा वेळ) १००० मिलिसेकंद करा, ३ वेळा पुन्हा विचारू द्या. विचारणारा एकच असावा. दोघे एकदम बोलले की दोन्ही निरोप वाया जातात.

जागेवर, ८६६ मेगाहर्ट्झला २ किलोमीटरसाठी अँटेनांमधली सरळ रेषा मध्यावर झाडांच्या शेंड्यांपेक्षा सुमारे ८ मीटर वर हवी. अँटेनासाठी आरजी-५८ ही बारीक केबल १० मीटर वापरली तर सुमारे ५ डेसिबल, म्हणजे दोन तृतीयांश पॉवर, वाटेतच संपते. जाड केबल घ्या. कनेक्टरवर रबरी सीलिंग टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोळ द्या. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं.

अमेरिकेतून आणलेले ९१५ मेगाहर्ट्झचे मोडेम इथे विनापरवाना चालवता येत नाहीत. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, ट्रान्समीटर १ वॅटपर्यंत.

मोडेम ऐकतो, पण बोलायला लागला की रिसेट होतो? बहुधा सप्लायची तार बारीक आहे. मोडेम पाठवत असतानाच त्याच्या टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज मोजा.