शरणपूर: नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीची पाळेमुळे

नाशिकमध्ये पत्ता सांगताना ‘शरणपूर रोड’ हे शब्द दिवसातून किती वेळा उच्चारले जात असतील! महापालिकेचे राजीव गांधी भवन याच रस्त्यावर आहे, संत आंद्रियाचे चर्चही इथेच. पण शरणपूर हे मुळात रस्त्याचे नाव नव्हे. शहराच्या पश्चिमेला, तेव्हाच्या वस्तीबाहेर वसवलेले ते एक गाव होते. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीची हकिगत त्या गावाला वगळून सांगताच येत नाही.

सुरुवात गावाच्या वीसेक वर्षे आधीची आहे. चर्च मिशनरी सोसायटी (सीएमएस) या इंग्लंडमधल्या अँग्लिकन, म्हणजे ‘चर्च ऑफ इंग्लंड’ पंथाच्या संस्थेने १८३२ मध्ये नाशिकला मिशन सुरू केले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. रामकुंड, काळाराम, बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ: अशा क्षेत्राच्या गावी परका धर्म सांगायला येणे सोपे नव्हते. चार्ल्स पिनहॉर्न फॅरर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या. शाळेत मुलगा घालायला लोक तयार होत. बाप्तिस्म्याचे नाव निघाले की मात्र सगळे थबकत.

त्याचे कारण समजून घ्यायला हवे. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे घर सुटे, भाऊबंद तोंड फिरवत, पाणवठा बंद होई, हातचे काम जाई. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. पण कायदा जमिनीचा हिस्सा मिळवून देईल. पंगतीत पान कोण मांडणार?

या प्रश्नाला रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी दिलेले उत्तर म्हणजे शरणपूर. १८५४-५५ च्या सुमारास त्यांनी हे ख्रिस्ती गाव वसवले. नावही विचारपूर्वक ठेवलेले आहे. बायबलच्या जुन्या करारात सहा नगरांचा उल्लेख येतो. हातून नकळत मनुष्यहत्या घडली, तर त्या माणसाने सूड घेणाऱ्यापासून जीव वाचवायला तिथे धाव घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. मराठी बायबलात त्यांना ‘शरणपुरे’ म्हटले आहे. इथे शरण आलेल्यांच्या हातून तर कसलाच गुन्हा घडला नव्हता. राहायला जागा, हाताला काम, मुलांना शाळा आणि रविवारी उपासना एवढ्यावर हे गाव उभे राहिले. रतनजी नवरोजी हे पारशी गृहस्थ याच मिशनच्या वर्तुळात ख्रिस्ती झाले आणि पुढे पाळक म्हणून औरंगाबादकडे गेले.

मग १८६० च्या दशकात असे काही घडले, की ते नाशिकच्या शाळांत शिकवले जात नाही याचे मला फार वाईट वाटते. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते पकडत असे. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात. त्यांना ना आईबाप माहीत, ना परतीची वाट. अशा कित्येक मुलांना शरणपूरच्या आफ्रिकन असायलममध्ये (आश्रयगृहात) आणले गेले. तिथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. बाप्तिस्म्यात त्यांना इंग्रजी नावे मिळाली. एकाचे आडनाव चक्क फॅरर होते.

आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ मध्ये आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा इथली नऊ मुले त्यांच्याबरोबर गेली. जेकब वेनराइट हा इथलाच विद्यार्थी नंतर, १८७२ मध्ये, त्यांना जाऊन मिळाला. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. प्रार्थना-पुस्तकातला दफनविधी वाचून दाखवला तो जेकबने. झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचे नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. वाळवलेला देह कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून, काठीला बांधून त्या माणसांनी दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर पायी तुडवले आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनारा गाठला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीचे मानकरी म्हणून उभ्या असलेल्यांत जेकब होता. शरणपूरच्या बाकावर अक्षरे गिरवलेला मुलगा!

दरम्यान, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या प्रयत्नांतून झालेल्या १८७३ च्या करारानंतर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा गुलामांचा बाजार बंद झाला. १८७४-७५ मध्ये प्राइस स्वतः आजच्या केनियातल्या मोंबासाला गेले आणि तिथे फ्रिअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. शरणपूरचे आफ्रिकन लोक शिक्षक, कारागीर आणि प्रचारक म्हणून तिकडे गेले. त्यांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकन (पाळकाच्या खालच्या पायरीचे धर्मसेवक) म्हणून दीक्षा दिली. केनियातल्या अँग्लिकन मंडळीच्या पायात नाशिकचाही एक दगड आहे तो असा.

इकडे मंडळी हळूहळू वाढत होती. तिला मराठी वळण देण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्या कवी नारायण वामन टिळकांचे संस्कृत शिक्षण नाशिकला झालेले. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला. अभंग, ओवी, कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या, म्हणजे नाशिकच्याच माहेरवाशीण. १९३६ मध्ये त्यांनी डोळे मिटले तेही नाशिकलाच.

१९२९ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन अँग्लिकन नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला; फिलिप लॉइड हे पहिले बिशप. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि ही मंडळी तिच्यात सामील झाली.

कॅथलिक मंडळीची वाढ वेगळ्या वाटेने झाली. देवळालीची छावणी, १९२५ पासूनचा सिक्युरिटी प्रेस, मग नोटप्रेस अशी नाशिकरोडच्या बाजूला नोकरीची दारे उघडली, तशी नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती कुटुंबे पोटामागे इकडे येत राहिली. १५ मे १९८७ ला पुण्यापासून वेगळा नाशिक धर्मप्रांत झाला आणि फादर थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. नाशिक, नगर आणि खानदेश त्यात येतो. हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्राही याच धर्मप्रांतातली.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला एकदा जाऊन पाहावे. मराठी, इंग्रजी, कोकणी, तमिळ अशा भाषांत मिस्सा (कॅथलिक उपासना) चालू असतात. मेणबत्त्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आलेली असते. त्या रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या, कडेवर तान्हे घेतलेल्या बायका असतात. मूल व्हावे म्हणून बोललेला नवस फेडायला त्या दूरच्या गावांहून आलेल्या असतात.